चालताना बोलायचं नाही

चि. बाळ्यास आशीर्वाद.

आधी टपकल्या तुझ्या आत्या, नेहमीसारख्या न कळवता. मग आल्या व्यायामाच्या बाई. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या मला चालायला शिकवतात. त्यांची ताकीद एकच, चालताना बोलायचं नाही. बोलले की माझा डावा पाय अडतो आणि तोल जातो. मला गप्प करणारं माणूस जन्मात पहिल्यांदा भेटलं बघ!

गेल्या सोमवारी शेजारणीशी बोलत चालले आणि आपटले. फोनवर तुला सांगितलं नाही. घराला कुलूप घालून मला तुझ्याकडे नेलं असतंस.

आज आत्या म्हणाल्या, "वहिनी, आता मुलाकडे जाऊन पडून राहा."

मी ताडकन उठले. "पडून राहायला मी काय गादी आहे, वन्सं?" असं भांडत भांडत स्वयंपाकघरात गेले, पाण्याचा तांब्या घेऊन परत आले. बघते तर काठी खुर्चीलाच टेकलेली!

बाई हसल्या. "आजी, एवढं बोललात, पण पाय थांबला नाही. मात्र रागातलं चालणं मी धरत नाही. शांतपणे गप्पा मारत चालून दाखवा, मग एकटं राहायचं बघू."

तेव्हापासून बूड टेकत नाही माझं. हे पत्रही पाच वेळा उठून लिहिलंय. पडल्याचं लिहून बसले, आता पोस्टाच्या पेटीत टाकायचं कसं?

तुझी,
आई

ता. क. बाई गुरुवारी येणार आहेत. वन्संही येते म्हणाल्या, गप्पा मारायला.