उभ्या गाडीचं पेट्रोल

१२ एप्रिल २००८

आज पुन्हा तेच! टाकी फुल्ल करायला सांगितली आणि वीस लिटरलाच नोझल कट झालं. मागच्या शनिवारी साधारण तेवढंच फिरलो होतो, तेव्हा सत्तावीस बसलं होतं.

मालकांनी, शशिधरदादांनी, पावती हातात घेतली, माझ्याकडं बघितलं, पावती खिशात घातली. बोलले असते तर बरं झालं असतं.

ही गाडीच वेगळी आहे. जपानहून आलेली, दादांनी पुण्याच्या एका माणसाकडून घेतली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते. बटण दाबलं की पडद्यावर दिवा लागतो, इंजिन मात्र गप्प. कसबा बावड्यातली पोरं मागनं ओरडतात— "ढकलू का, पावणं?"

१३ एप्रिल

झोप नीट नाही.

१५ एप्रिल

ठरवलं— पंप बदलायचा नाही, वेळ बदलायची नाही, भरणारा माणूससुद्धा तोच. पंपावरचा पिराजी ओळखीचा आहे. त्याला म्हटलं, कट झालं की थांब, वर एक थेंब नको. तरी आकडा जुळला नाही! आज जास्त बसलं.

पिराजी म्हणाला, "कृष्णात, गाडीला प्यायचा नाद लागलाय बघ. कवा एक घेती, कवा चार!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. ही पावती आता दादांना द्यायची होती.

१९ एप्रिल

आज दादा बोलले. अंगणातच, मोठ्यानं— "जुन्या ड्रायव्हरनं बी असंच सुरू केलतं. आधी दोन लिटर, मग पाच."

अप्पा, म्हणजे दादांचे वडील शिवय्या अप्पा, झोपाळ्यावर बसले होते. कानानं कमी ऐकतात, पण एवढं ऐकू आलं. म्हणाले, "शशी, आकारामचा पोरगा हाय त्यो."

"पोरगा हाय. आकाराम न्हाय."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, यांच्या अडतीवर जन्मभर गुळाच्या ढेपा उचलल्या. पाठ गेली, पण गुळाचा खडा कधी न विचारता घरी आला नाही. मी अकरावीत शाळा सोडली तरी अप्पांनी मला ही नोकरी दिली ती आण्णांच्या नावावर. मी चोर ठरलो तर आण्णासुद्धा चोर ठरतात— मागची सगळी वर्षं धरून.

२३ एप्रिल

सापडलं! पुण्याच्या त्या माणसानं मेकॅनिकचा नंबर दिला होता. माझ्याच मोबाइलवरून फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, "अहो, त्या टाकीच्या आत रबरी पिशवी असते. गारव्यात आखडते, उन्हात सैल पडते. कधी कमी घेणार, कधी जास्त. बिघाड नाहीये तो." दोनदा विचारून घेतलं.

दादांना सांगितलं. म्हणाले, "पिशवी टाकीत हाय का तुझ्या घरात?" पण मग स्वतः पुण्याला फोन केला. बोलणं झाल्यावर नुसतं "बरं" म्हणाले.

बरं म्हणाले! आज पोटभर जेवलो.

२८ एप्रिल

पिशवीचं खरं असेल. पण हे पिशवीचं नाही.

सकाळी दादांना मार्केट यार्डात सोडतो, गाडी परत आणून शेडमध्ये लावतो, किल्ली पुढच्या खोलीत खिळ्याला अडकवतो. एकला जेवायला घरी, चारला परत. आज गाडी लावताना पडद्यावर पेट्रोलच्या सहा पट्ट्या होत्या. चारला आलो तर पाच. किलोमीटरचा आकडा तोच! गाडी जागची हललेली नाही आणि पेट्रोल गेलं.

शेड नीट फिरून बघितली. पुढं शटर. बाजूला लहान दार, ते अंगणात उघडतं. मागं बोळाच्या अंगाला खिडकी— काच नाही, गज नाही, नुसती चौकट. माणूस सहज आत येईल. आत आला की गाडी उघडीच, पाइप टाकायला किती वेळ? वहिनी मुलांना घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेल्यात. दुपारी घरात अप्पा एकटे. एक ते चार लाइट नसते, सगळी गल्ली झोपलेली. चोराला आणखी काय पाहिजे?

३० एप्रिल

दादांना सांगून बघितलं. चूक केली.

"उभ्या गाडीचं पेट्रोल जातंय? वाफ होतीया व्हय रं?" मग आवाज खाली आणून— "आठ दिवस देतो. त्यात सुधारलास तर बरं. न्हाय तर आकारामला घेऊन ये, त्याच्यासमोरच बोलू."

मी तिथंच उभा. अप्पा काठी टेकत आले. मला ते तम्मा म्हणतात, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. म्हणाले, "तम्मा, तोंड का पाडलंस? शशीचं आसंच असतंय. जा, जेवून ये." त्या घरात माझ्यावर विश्वास असलेला हा एकच माणूस.

२ मे

आण्णा रोज विचारतात, "गाडी बरी हाय न्हवं?" मी म्हणतो, बरी आहे. हे खोटं नाही. गाडी बरीच आहे.

३ मे

खिडकी बंद केली. बोळात पडलेला पत्रा आणून आतून खिळे मारले. कडेच्या फटींत गोणपाट कोंबलं. शटरखालून कुणी पाइप सारू नये म्हणून तिथंही गोणपाट दाबून बसवलं. एक फट ठेवली नाही.

दादांना विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, आता आणि हे नाटक. अप्पा ठोकाठोक ऐकून दारात आले, बघून गेले.

आता ये म्हणावं!

५ मे

पत्रा जागेवर. गोणपाट जागेवर. आणि एक पट्टी कमी!

म्हणजे चोर बोळातून येत नाही. अंगणातल्या दारानं येतो. अप्पांना विचारायला गेलो, कुणी आलं होतं का. ते डोकं धरून पडले होते. "ऊन बाधलं, तम्मा. उद्या बघू."

उद्या जेवायला जाणार नाही. लपून बसणार.

६ मे

जसं झालं तसं लिहितो.

एकला "जाऊन येतो" म्हणून फाटकातून बाहेर पडलो आणि बोळातून वळून परत आलो. अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागं बसलो. फरशी तापलेली. लाइट गेली, घरातला पंखा बंद झाल्याचं कळलं.

थोड्या वेळानं अप्पा बाहेर आले. एका हातात किल्ली, काखेत उशी! इकडं तिकडं बघितलं, शेडचं दार उघडून आत गेले, आतून कडी घातली.

मी बसल्या जागी हसलो. एसी! सगळ्या गावासमोर ते या गाडीला खेळणं म्हणतात आणि दुपारी तिच्यात झोपतात. एसी बॅटरीवर चालतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मग वाईट वाटलं. कारण बॅटरीचा आणि पेट्रोलचा काय संबंध? माझा चोर अजून यायचाच होता. म्हातारा माणूस गारव्यात झोपलाय तर झोपू दे, म्हणून मी सरकून फाटकाकडं नजर ठेवली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शटर वाजायला लागलं. वारा नव्हता. जवळ जाऊन शटरवर हात ठेवला— थरथरत होतं. आत इंजिन चालू होतं! कुणी चालू न करता! एसीनं बॅटरी उतरली की ती भरायला गाडी आपणहून इंजिन लावते. अप्पांना ऐकू येत नाही, आणि ऐकलं तरी त्यांना काय कळणार? उभ्या गाडीचं पेट्रोल! सापडलं! मी चोर नाही, कुणीच चोर नाही! खिशातून मोबाइल काढून दादांचा नंबर लावायला घेतला.

तेव्हा पायाशी गोणपाट दिसलं.

धूर कुठं जात असेल?

दाराला लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला कडी निघाली. आत डोळे चुरचुरले. अप्पा मागच्या सीटवर, उशीवर गाल टेकून. तोंड लाल. हाक मारली, हलवलं, गालावर मारलं— नाही. शटर वर केलं, त्याच गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या आणि दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. मागं बघायचं धाडस होत नव्हतं.

श्वास आहे म्हणतात. तोंडाला नळी लावलीय.

७ मे

अजून शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

दादांनी माझे दोन्ही हात धरले. एवढा मोठा माणूस, रडत होता. "पेट्रोलचं मी काय काय बोललो रं तुला." आण्णा काठी टेकत आले तर त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "आकाराम, पोरगा तुझाच हाय." आण्णांनी तोंड फिरवून डोळे पुसले. त्यांना असं ताठ उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "शेडला खिडकी नाही का?"

"हाय की. माणूस जाईल एवढी हाय," दादा म्हणाले. आणि थांबले. "मी बघून येतो."

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. आण्णांचा हात माझ्या पाठीवर होता.

९ मे

अप्पा सकाळी बोलायला लागले. दादांनी पाणी पाजलं आणि पहिलं तेच विचारलं— "खिडकीला पत्रा कुणी मारला?"

मी पायाशी उभा होतो, आण्णा शेजारी. सांगायचं ठरवूनच आलो होतो. तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीच सांगितलतं तम्माला. झळ येती म्हणून."

दादा माझ्याकडं वळले. "व्हय रं?"

मी म्हणालो, व्हय.