कॅप्टनची दुसरी बंदूक

१२ मार्च १९७८, रविवार

सकाळी स्टँडवर केरबाच्या टपरीतून ‘तळ क्रमांक नऊ’चं सहावं पुस्तक घेतलं. उभ्या उभ्या शेवटची पानं वाचली आणि तिथंच फाडलं. कव्हर चिवट होतं — दातांनी तोडलं!

केरबा ओरडला, “आण्णा, याड लागलं काय? वाचायचं सोडून जीव घ्याला लागलासा व्हय पुस्तकाचा!”

रेडिओवर ही मालिका लागायची, तेव्हा शेवटच्या भागात कॅप्टन निशिकांतनं आपली बंदूक हातोड्यानं ठेचली होती. नऊ वर्षं झाली, ते घाव अजून कानात आहेत. आता पुस्तकवाले म्हणतात, त्याच्या बुटात दुसरी होती! तिनं तो सोळा माणसं मारतो. डोळे, आतडी — सगळं छापलंय.

१३ मार्च

केरबानं तुकडे गोळा करून ठेवले होते. खळ लावून चिकटवले, पुन्हा वाचलं. लाज वाटते. पण आधीची पाचही दोनदा वाचलीत. तिसऱ्यात कॅप्टनची आई आहे. रेडिओवर ती कधीच नव्हती. तिच्या मरणाला मी रडलो. ती खरी धरली, तर बंदूक खोटी कशी धरू?

आमच्या पोथीतही कुणीतरी मागाहून ओव्या घुसडल्यात. पोथी सांगणाऱ्या बुवांना विचारलं, तर म्हणाले, “ग्वाड लागली म्हणून खरी न्हाय, आन् कडू लागली म्हणून खोटी न्हाय.”

१५ मार्च

एकदा लिहून टाकतो. एकोणसत्तर साली उचगावच्या शेतात, बांधावरून, धाकट्या भावानं — हंबीररावानं — माझं डोकं फोडलं. मी कुऱ्हाड घातली. त्याची दोन बोटं चिखलात पडली. त्याच आठवड्यात तो शेवटचा भाग ऐकला. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड पंचगंगेत टाकली, जोतिबाची शपथ घेतली — पुन्हा हात उचलणार नाही.

१९ मार्च, रविवार

हंबीररावानं पुन्हा बांध कोरलाय. विचारायला गेलो.

“ये की! आठ ऱ्हायल्यात अजून. का नऊ वर्सांत धार गेली?”

खोऱ्याचा दांडा छातीत घातला त्यानं. मी हात उचलला नाही. घरी बायको, बायडाबाई, हळद लावताना म्हणाली, “अवो, निदान शिव्या तरी द्या की!”

तिला काय ठाऊक! येताना वाटेत मनातल्या मनात मी त्याला तीनदा मारला होता. कुठं खुपसायचं तेही ठरलं होतं.

२१ मार्च

पुस्तकाच्या लेखकाला पत्र लिहायला बसलो. ‘कॅप्टनकडे दुसरी बंदूक नव्हती.’ एवढंच लिहून झालं.

२२ मार्च

मला न बघता त्या लेखकाला दुसऱ्या बंदुकीचं कळलं कसं?

२६ मार्च, रविवार

माळ्यावरून गुप्ती काढली — काठीत पातं लपवलेली. कुऱ्हाड नदीत टाकली, त्याच दिवशी ही चिंध्यांत गुंडाळून ठेवली होती. उचगावला गेलो. हंबीररावाला म्हटलं, “ही तुझ्यासाठी ठेवलेली.” पातं उघडून त्याच्या हातात दिली. मूठ त्याच्याकडं, टोक माझ्याकडं.