कोशिंबिरीचा गंज

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

रिसोड, रविवार, ता. १७ एप्रिल १९५५

चि. सौ. गोमतीस ताईचे आशीर्वाद.

तुझं कार्ड काल पोचलं. पाचवा महिना नीट चालला आहे हे वाचून देवापुढे साखर ठेवली. आम्ही दोघं बरी आहोत. ऊन मात्र फार. विहिरीत आरोग्य खात्याचा माणूस लाल औषध टाकून गेला आहे, देवाला घालायचं पाणीही गुलाबी येतं. या आठवड्यात पापड झाले, कुरडया राहिल्या.

तू विचारलंस, काकडी खावी की नाही. रिसोडच्या पंगतीची बातमी कामरगावला गेली आणि तुझ्या सासूबाईंनी काकडी, मुळा, कोथिंबीर, कच्चं म्हणून जे जे ते बंद केलं. आणि तुला डोहाळे नेमके काकडीचे. इथेही दवंडी फिरली. "कच्ची भाजी कोणी खाऊ नये, खाईल त्याची जोखीम त्याच्यावर." लोक म्हणतात माळ्यांनी वाफ्यांना सोनखत घातलं, त्याचं विष काकडीत उतरलं. मुळ्याच्या जुड्या बैलांपुढे टाकतात.

पंगत हनुमान जयंतीची होती, दोनशे पानांची. कोशिंबीर आपल्या घरची असते, ती सेवा माझ्याकडे सात वर्षं आहे. काकड्या हौसाबाईने पहाटे आणून दिल्या. हौसाबाई म्हणजे रंगराव माळ्याची बायको, तू आली होतीस तेव्हा तुझ्या ओटीत वांगी घालणारी. देवस्थानची जमीन ती दोघं करतात. जेवण उठून तासही झाला नाही आणि देवळाच्या ओट्यावरच लोकांना ओकाऱ्या सुरू झाल्या. साठ-सत्तर माणसं. सगळ्यांचं एकच, काकडी कडू होती.

बाकीचे दुखण्यातून उठले. मोतीबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. रोज पहाटे देवळाचं अंगण झाडायच्या त्या. तोंडात दात नाही, म्हणून पंगतीत मला म्हणाल्या, "कस्तुरा, फोडी नको वो, मले चावत नाही. वरचं पातळ पातळ वाढ." मी दोनदा वाढलं. फोड एक नव्हती त्यांच्या पानात, नुसतं दही. हे गावात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

परवाच्या बाजारात हौसाबाई टोपली घेऊन बसली होती. कोणी जवळ जाईना. शेवटी ती उभी राहिली, काकडी मोडली आणि सगळ्यांसमोर खाऊ लागली. "पाहा, मी खाऊन राह्यली! पंगतीच्या दिवशीबी हेच खाल्ली, मले काय झालं?" फुलचंद किराणावाला दुकानातून ओरडला, "तुहं पोट माळ्याचं आहे, हौसे! दगड खाल्ला तरी पचते!" लोक हसले. तिने दुसरी मोडली, तिसरी मोडली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात घास. मग तिला मी दिसले.

"बाई, तुमीच सांगा. तुमीच तं चिरली. देठं चाखूनच चिरता ना तुमी? कडू होती काय माही काकडी?"

मी म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही, हौसाबाई." आणि पिशवी घेऊन घरी आले.

गोमा, मी प्रत्येक काकडीचं देठ चाखलं होतं. एकही कडू नव्हती.

आपल्या आईचा नियम तुला आठवतो. पितळेच्या भांड्याला वर्षातून दोनदा कल्हई, आणि आंबट काही असेल तर दगडी भांड्यातच. माघात कल्हईवाला दारातल्या लिंबाखाली भाता लावून बसला होता. मी कोशिंबिरीचा मोठा पितळी गंज त्याच्यापुढे ठेवला आणि परत उचलला. आतून बुडाशी थोडं पितळ दिसत होतं, तेवढ्याने काय होतं, आषाढात बघू म्हटलं. काटकसर म्हणजे मला पुण्यच वाटतं, तू त्यावरून हसायचीस. पंगतीच्या आदल्या संध्याकाळी दगडीत दही मावेना, म्हणून सगळं त्या गंजात ओतून झाकून ठेवलं. रात्रभर पितळेला लागून दही कळकलं. सकाळी वरवर पांढरं शुभ्र होतं. मी काकडी चाखली, दही चाखलं नाही. देवाच्या नैवेद्याआधी दही कसं चाखायचं?

गंज रिकामा झाला तेव्हा बुडाला हिरवं कडं दिसलं. मी तिथेच उकिडवी बसले आणि चिंच-राखेने ते घासून काढलं. बाहेर लोक ओकत होते आणि मी भांडं घासत होते.

ह्यांना मी मोतीबाईंच्या दहनाच्या दिवशी सांगितलं.  हे म्हणाले, "घासलंस ना? मग झालं. घराची अब्रू आहे." उद्या देवस्थानच्या पंचांची बैठक आहे. रंगरावाकडून मळा काढून घ्यायचा ठराव येणार. ठराव लिहिणार हेच, चिटणीस म्हणून. दहा दिवस मी मारुतीपुढे दिवा लावते आणि त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काकडी खा. मुळाही खा. धुऊन घे आणि पोटभर खा. फक्त आधी घरातली भांडी आतून बघ.

हे पत्र मी आज टाकत नाही. उद्या बैठकीत बोलले तरच टाकीन. तुझ्या हातात पडलं तर समज, ताई बोलली.

तुझी,
ताई

ता.क. सोमवार, दिवे लागायच्या आधी.

गंज घेऊन गेले. पंचांच्या मधोमध ठेवला आणि सगळं सांगितलं. जगदेव पाटील म्हणाले, "बाईंनी मोतीबाईचा धसका घेतला, घरी न्या." ह्यांनी लेखणी उचललीच नाही. तेव्हा ठरावाची वही मी ओढून घेतली, दोष काकडीचा नाही, माझ्या गंजाचा, अशा चार ओळी माझ्या हाताने लिहिल्या आणि खाली सही केली. मळा रंगरावाकडेच राहील असं शेवटी ठरलं.

हौसाबाई पायरीशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. मी पाया पडायला वाकले तर मागे सरली. म्हणाली, "आता काहून सांगता, बाई? वेल तं आमी कालच उपटले."

हे घरी आले आहेत. जेवायला वाढलं, पानाला हात लावला नाही.

मोतीबाईंना दोनदा वाढणारी,
कस्तुरा