बाटलीतली आई

ता. ३

तुझ्या आईचे, माझ्या लेकीचे डोळे मी माझ्या हातांनी मिटले. ती तुमच्या प्रयोगशाळेत बाटलीत अजून वाढतेय, हे मला छोटीच्या तोंडून कळावं?

थोरली, आता आशीर्वाद घे. राग असला तरी तेवढे देते. पहिलं इंजेक्शन टोचून तुझ्या बहिणीला विश्रांतीला माझ्याकडे धाडलंस. तिची बोटं अजून कापसाची. दुसऱ्या सुईसाठी मी तिला पाठवणार नाही. मेलेल्या माणसाला कामाला जुंपायचं नसतं. त्या सुईत काय आहे ते सरळ सांग, शाळा घेऊ नकोस.

तुझी अडाणी आजी

ता. ८

ती. आजीस सा. न. वि. वि.

चुकलं माझं. बाटलीत वाढतात त्या आईच्या पेशी; जाण्यापूर्वी तिनं स्वतःच त्या छोटीसाठी दिल्या. तुला सांगायचा धीर झाला नाही.

जिवंत पेशीतून अगदी बारीक बुडबुडे सुटतात आणि दुसऱ्या पेशींना सामान पोचवतात. छोटीच्या स्नायूंत जो जनुक बिघडलाय, त्याची चांगली प्रत आम्ही आईच्या पेशींच्या बुडबुड्यांत भरतो. शरीर त्यांना घरचं समजून आत घेतं. आई काही त्यात नाही, आजी. पण दुसरं इंजेक्शन चुकलं, तर बोटांपाठोपाठ तिचा श्वासही थकेल. रागाव, पण तिला पाठव. लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी थोरली

ता. १४

थोरली, आशीर्वाद. आई त्यात नाही म्हणून छातीठोक लिहितेस, मग ऐक.

आज सकाळी छोटीनं स्वेटरची बटणं स्वतः लावली. मी दारातच थांबले. खालून वर लावत गेली, आणि शेवटचं लागल्यावर कॉलरवर दोनदा थाप मारली. तुझी आई अस्सं करायची. उलट्या डोक्याची म्हणून मी तिला बोलायचे. ती गेली तेव्हा छोटी रांगत होती. तिला हे शिकवलं कुणी? मी वरून खाली लावते, तूही. आत गेले, तोवर दूध उतू गेलं होतं.

उद्याच्या गाडीनं तिला पाठवतेय. इंजेक्शन द्या. पोरीचा श्वास हवा. त्याच्यासोबत आणखी जे येईल, त्याचं मी बघेन. घरात जागा आहे.

उत्तर तू द्यायचं नाहीस, बुडबुड्यांचं पुराण पुरे झालं. छोटीनं लिहायचं, स्वतःच्या हातानं. तू जवळ बसायचं नाही, मायना सांगायचा नाही. ती मला आजी लिहिते की आई, तेवढं मला बघायचंय.