आप्पांच्या वाकसाचा दांडा

आक्का,

आप्पा उठायच्या आत मी मंगळवार पेठेत हत्यारं बघायला चाललोय. परवा कुंभारी गावात कामावरचं छप्पर जळालं, ते माझ्याच हातनं. लाकूड चिकटवायचा सरस चुलीवर ठेवून जेवाय गेलो अन् भुश्शानं पेट घेतला. आप्पांच्या पेटीतल्या पटाश्या, रंधा, लाकूड तासायचा वाकस राखेतनं काढले. दिसाय धड हाईत, पण पोलादाचं पाणी गेलंय, धार टिकत न्हाय. दांडे तर जळालेच. आप्पांना यातलं काय बी ठावं न्हाय.

उद्या खंडेनवमी. आप्पा एकेक हत्यार हातात घेऊन गंध लावणार. डोळ्यांनी दिसत न्हाय, पण त्यांच्या बोटांना सगळं कळतं की.

चकचकीत माल मी घेणार न्हाय. पात्यावर कानस फिरवीन, घसरली तरच पोलाद खरं. जुनी, वापरलेली मिळाली तर लई बरं. दांडे मी बसवीन. पण वाकसाच्या दांड्याला त्यांच्या अंगठ्यानं खळगी पडली होती, ती कुटल्या दुकानात मागू? तशीच खळगी त्यांच्या काठीच्या मुठीला हाय.

म्हणून काठी नेतोय, कापायला; तिची मूठच वाकसाला दांडा म्हणून बसवीन. आज त्यांना तूच हाताला धरून परसात ने. काठी कुटं गेली म्हणाले तर काय सांगायचं, ते तूच बघ.

कोंडीबा