भुरीच्या खुराड्यात नवी भरती

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.
स्टील प्लांटात छत्तीस वर्षं लॉगबुक लिहिलं, सवय सुटत नाही. म्हणून ही डायरी. रिटायर होऊन महिना झाला. रुआबांध्याच्या या घरात गॅस बायकोचा, जयाचा, टीव्ही जयाचा, खिडकीजवळची खुर्चीसुद्धा तिचीच. मी मागच्या अंगणातल्या कोंबड्या मागून घेतल्या. माझं एवढं एकच डिपार्टमेंट.

जुन्या पाच आहेत, त्यात पुढारीण भुरी. काल चार तलंगा आणल्या, अजून अंड्यावर न आलेल्या. जया म्हणे, वीस तारखेपर्यंत एका खुराड्यात नांदल्या नाही तं चारही शेजारच्या गयाबाईले देऊन टाकीन, अन् खुराडाही मीच पाहीन. मी म्हटलं, दोन दिवस पुरे. शेकडो नवे पोट्टे लायनीवर आणले आहे मी.

संध्याकाळी.
हेल्मेट घातलं, शिट्टी वाजवली, इंचार्ज कोण ते सगळ्यांले समजावं म्हणून. चारही सरळ आत सोडल्या. भुरीनं एकीच्या डोक्यावर अशी चोच मारली का रक्त आलं. भुरीनं! जिले महिनाभर या हातानं तांदळाची कनकी चारली. दगाबाज. तलंगेले हळद लावली, चारही खोक्यात ठेवल्या. जया म्हणे, ते हेल्मेट काढा, कोंबड्या भेतात. सेफ्टीत तडजोड नाही.

४ फेब्रुवारी.
नवा प्लॅन. जुन्या ए शिफ्ट, सहा ते दोन. नव्या बी शिफ्ट, दोन ते दहा. समोरासमोर येणंच नाही. रोस्टर पुठ्ठ्यावर लिहून खुराड्याले टांगला. जया हासली. हासू दे.

संध्याकाळी ७.
बी शिफ्ट सहालेच झोपली. चारही. चार तासांची ड्यूटी बुडाली. शिट्टी वाजवून उठवून राहिलो होतो तं गयाबाईनं भिंतीवरून विचारलं, भाऊ, तब्येत बरी आहे ना.

७ फेब्रुवारी.
स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून देल्ले. वेळ वाचते. तेव्हापासून माझा चहा बाहेर व्हरांड्यात येऊन राहिला. बाहेर हवा साजरी असते म्हणा.

९ फेब्रुवारी.
दर अर्ध्या तासाले इन्स्पेक्शन. मी आत गेलो की लगेच फडफड, मारामारी. नशीब मी असतो, नसतो तं काय झालं असतं. दोघींनी अंडे बंद केले. थंडीनं असन.

दुपारी जया मागच्या पायरीवर तांदूळ निवडून राहिली होती अन् भुरी तिच्या मांडीवर. डोळे मिटून. माझ्या हातचं खाऊन! मन खट्टू झालं. अंकुरले रायपूरले फोन लावला. पोरगा म्हणे, पापा, आप थोड़ा दूर रहो ना. पोटचं पोरगंही तिकडूनच.

११ फेब्रुवारी.
गोंदियाले देवरावच्या, माझ्या भावाच्या, पोरीचं साक्षगंध, लग्न ठरलं तिचं. जया म्हणे, तुम्ही एकटेच जा, आठ दिवस राहा, हवापालट होते. किती काळजी करते बिचारी. कोंबड्यांच्या सूचना तिले दीड पान लिहून देल्ल्या. माझ्यामागं काही विपरीत झालं तं मी जबाबदार नाही.

१४ फेब्रुवारी, गोंदिया.
रोज दोनदा फोन करतो. रोज म्हणते, ठीक आहे. नक्की काहीतरी लपवून राहिली. जेवणात लक्ष नाही. देवराव म्हणे, दादा, कोणाची आठवण येऊन राहिली? मी म्हटलं, डिपार्टमेंटची.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
सकाळच्या गाडीनं आलो. बॅग न ठेवताच मागं गेलो. नऊच्या नऊ एका परातीभोवती. जखम झालेली तलंग भुरीच्या अंगाले अंग लावून कनकी टिपून राहिली होती.

जयानं काय केलं? मधात जाळी लावली, दोन्हीकडं दाणे टाकले, अन् आठ दिवस आत कोणालेच जाऊ देल्लं नाही. काल जाळी काढली. बस. माझ्या सूचना फ्रिजवर होत्या, घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी आत पाय ठेवला. हेल्मेट नाही, शिट्टी नाही. नऊच्या नऊ पळून कोपऱ्यात गेल्या. सगळ्यात पुढं भुरी. इतक्या एकीनं त्या आधी काहीच केलं नव्हतं.

व्हरांड्यात येऊन बसलो. खोटं कावून लिहू, डोळे भरून आले. जया चहा घेऊन आली. आज स्वतःचाही कप आणला, अन् पायरीवर बसली. उलशी दूरच. अंगणाकडं पाहत म्हणाली, "त्या तं नांदल्या. आता तुमचंच राह्यलं."

मी चहा संपवला. मग विचारलं, आत येऊन बसू का.

म्हणे, उद्या पाहू.