जोडे घालूनच आत

अकोला, रविवार, संध्याकाळ

किळस आली आज. त्या तपकिरी भिंतीची, आणि त्याहून जास्त माझीच.

जठारपेठेत बियाणेवाल्या शेठच्या बंगल्याची वास्तुशांती होती. नकाशा माझा. समोरची भिंत तपकिरी, वर एकाच बाजूला उतरतं छप्पर. शेठनं मासिकातलं चित्रच आणून दिलं होतं, मी मान डोलावली. बाबांना गावाहून मुद्दाम बोलावलं, म्हटलं पोराचं काम पाहतील. तर ते जोडे घालूनच आत शिरले.

"बाबा, जोडे काढा ना!"

"घर हाये काय हे? मले वाटलं गोठा हाये, घर मांगं असन. एकाच अंगानं उतार, रंग शेणानं सारवल्यावानी."

सगळे हसले. मी तर शेठपेक्षा मोठ्यानं. कशाला हसलो? आमच्या गावात असं छप्पर गोठ्यालाच असतं, हे मला माहीत नव्हतं?

एसटीत बसवून दिलं, तेव्हा खिडकीतून म्हणाले, "बैल इकले तवापासून आपला गोठा रिकामाच हाये. त्याले बी असाच तपकिरी रंग मारू काय? मंग तरी राहाले येशीन."